ओलं ठेवणे

डायलिसिसची खोली बंद आहे मागच्या पोळ्यापासून.
तंत्रज्ञाची बदली वाशीमला झाली, नवा आला नाही.
चार खुर्च्यांवर चादरी, चादरींवर पालीच्या लेंड्या,
आणि कोपऱ्यात माझ्याहून टीचभर उंच
निळी टाकी, पाणी मऊ करणारी.

किल्ली माझ्याकडे. हुद्दा परिचर.
लेखी आदेश काहीच नाही.
अकोल्याचा ढोरे मेकॅनिक हेल्मेट चढवता चढवता म्हणाला होता,
"मशीन बंद राहिलं तर राहू द्या, ताई,
आतलं रेझिन तेवढं वाळू देऊ नका."
आणि त्याने किक मारली.

दर शुक्रवारी मी दोन ड्रम पाणी उलटं सोडते,
खालून वर.
आत दाणे उसळतात, आपसात घासतात,
नळीतून आधी गढूळ येतं, मग पिवळट, मग स्वच्छ.
मिठाचं पाणी दिलं की तेही त्याच नालीत जातं.
नालीच्या काठी लावलेला कढीपत्ता दोनदा जळाला.
तिसऱ्यांदा लावला नाही.

मिठाच्या पिंपात झाडूचा दांडा खुपसते.
वरून पीप काठोकाठ दिसतं,
पण पडून पडून मिठाचा पापुद्रा धरतो
आणि खाली नुसती पोकळी.
दोन दणके दिले की धप्पकन बसतं.

"नळ येते आठ दिवसाआड,
अन् तू बंद मशीनले पाणी पाजतं?"
कंपाउंडर भोपळे विचारतो.
खोटं नाही त्याचं.
मी ड्रम भरत राहते.

मृगात लेकीच्या बाळंतपणाला मूर्तिजापूरला गेले,
एकवीस दिवस.
परतले तर खालचा कॉक थेंब थेंब गळून
टाकी रिकामी.
झाकण काढून कोपरापर्यंत हात घातला.
गुळाच्या रंगाचे, मोहरीहून बारीक दाणे
बोटांमधून सरसर निघून गेले.
हाताला काहीच चिकटलं नाही.

बादली उचललीच होती.
काय सुचलं कोण जाणे, आधी फोन लावला.
ढोरे ओरडलाच,
"साधं पाणी नका टाकू! वाळलेला दाणा एकदम पिऊन फुगते,
अन् तडकते. आधी खारं द्या, दाट खारं, रातभर.
मग जरा कमी खारं. साधं सगळ्यात शेवटी."

आमच्या हापशीचं पाणी जिभेवर चरचरतं,
इथली सोयरीक मोडते गोड्या पाण्यावरून,
आणि त्या संध्याकाळी मी किराण्यातून
खडेमीठ आणलं, अर्धं पोतं, माझ्या पैशाचं.
दुकानातला इंगळ्यांचा पोरगा हसून लोळला.
"मावशी, आपल्या गावात मीठ इकत?"

रात्र तिथेच काढली, चादर झटकून एका खुर्चीवर.
सुयांशिवाय त्या खुर्चीत कोणी झोपलं असेल
तर मीच पहिली.

चाचणीच्या बाटलीत थेंब टाकले. गुलाबी.
दुसऱ्या दिवशी गुलाबी.
तिसऱ्या दिवशी दुपारी, डबा खाता खाता बघते
तर निळं.
भोपळेला हाक मारली. तो म्हणाला, "बरं."

एक रजिस्टरात लिहिलेलं नाही.
त्या दिवशी तांब्याभर मऊ पाणी घरी नेलं.
एरवी सहा शिट्ट्या मागणारी तुरीची डाळ
दोन शिट्ट्यांत मेणासारखी झाली.
मी कोणाला वाढली नाही आधी,
पातेल्यातूनच खाल्ली, उभ्याने, तुपाविना.

गुणवंत भाऊजी मंगळवार, गुरुवार, शनिवार
सहाच्या गाडीने अकोल्याला जातात,
दिवेलागणीला परततात, चेहरा राखेचा,
हाताला पांढरी पट्टी.
दवाखान्याच्या फाटकाशी क्षणभर थांबतात,
दम घ्यायला, की विचारायला, मला अजून कळलेलं नाही.

"चालू झालं का, वयनी?"
"ओलं हाये, भाऊजी."

मान हलवतात, आणि पिशवी
या हातातून त्या हातात घेतात.